मीटर तिप्पट दाखवतोय, म्हणजे खाली युरेनियम आहे का?

गणेशोत्सवात ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं व्याख्यान झालं. त्यानंतर भूशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका मुलीनं मला लिहून विचारलं: "काका, डिझर्टेशनसाठी मी ग्वाल्हेरच्या दक्षिणेला नकाशा करतेय, बुंदेलखंड ग्रॅनाइट आणि त्यावरचा 'पार' नावाचा वालुकाश्म जिथे टेकतो त्या पट्ट्यात. विभागातला छोटा गामा मीटर बरोबर होता. वालुकाश्मावर ताशी ०.१५ मायक्रोसीव्हर्टच्या (किरणांच्या मात्रेचं एकक) आसपास दाखवत होता, ग्रॅनाइटमधल्या एका भेगेत ०.४५ झाला. इथे युरेनियम असेल का? असेल तर पुढचं सर्वेक्षण कसं करतात? आणि तिथले दगड घरी आणले तर धोका आहे का?"

माझी नोकरी याच कामात गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. तू निवडलेली जागा चांगली आहे. युरेनियम शोधणाऱ्या कुणालाही ग्वाल्हेरच्या आसपास फिरायला सांगितलं तर तो आधी याच सीमेवर जाईल. पण तुझ्या आकड्यावरून अजून काहीही ठरत नाही.

आधी तो आकडा पाहू. तू वालुकाश्माची तुलना ग्रॅनाइटशी केलीस. बुंदेलखंडचा गुलाबी ग्रॅनाइट पोटॅशियम फेल्डस्पारनं भरलेला असतो आणि पोटॅशियम-४० गामा किरण देतंच. शिवाय कुठल्याही ग्रॅनाइटमध्ये वालुकाश्मापेक्षा युरेनियम आणि थोरियम थोडं जास्त असतं. म्हणजे आकडा वाढण्याचं एक साधं कारण इथेच मिळालं. दुसरं कारण भेग. सपाट जमिनीवर मीटरला फक्त खालून किरण मिळतात. अरुंद भेगेत दोन्ही भिंतींतूनही मिळतात, आणि तेवढ्यानंच आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. ही दोन कारणं एकत्र आली की युरेनियमचा एक जादा कणही नसताना तिप्पट वाचन येतं. त्या भेगेत पेग्मटाइटची, म्हणजे मोठ्या स्फटिकांच्या ग्रॅनाइटसारख्या खडकाची, शीर असेल तर आणखीच.

तिसरी गोष्ट पावसाची. हवेतला रेडॉन विघटन पावतो, त्याची शिसं आणि बिस्मथ ही अपत्यं धुळीला चिकटतात आणि सरीबरोबर जमिनीवर येतात. सर थांबल्यावर दोनतीन तास सगळ्या परिसराचा आकडा चढलेला असतो. उलट माती मुरून ओली झाली की ती खालून येणारे किरण अडवते. म्हणून वहीत वाचनाशेजारी वेळ, हवामान आणि मीटर जमिनीपासून किती उंच धरला होता हे लिहायलाच हवं. छोट्या मीटरच्या नळीत काउंटही, म्हणजे मोजले गेलेले किरणही, कमी येतात. १०० काउंट मिळाले तर १० चा चढउतार निव्वळ योगायोगानं होतो, २५ मिळाले तर ५ चा, म्हणजे वीस टक्के. पडद्यावरचा आकडा स्थिर होण्याआधी टिपू नकोस. प्रत्येक जागी किमान एक मिनिट थांब आणि तीन वाचनं घे.

मग खरी चढी जागा कशी ओळखायची? ग्रॅनाइटची तुलना ग्रॅनाइटशी, वालुकाश्माची वालुकाश्माशी. त्या भेगेपासून दूर, सपाट आणि ताज्या ग्रॅनाइटवर वीसपंचवीस ठिकाणी वाचनं घे आणि त्यांची सरासरी काढ. तो त्या खडकाचा बॅकग्राउंड. त्या बॅकग्राउंडच्या तिप्पट आकडा सपाट पृष्ठभागावर टिकून आला आणि एखाद्या भेगेच्या किंवा थराच्या दिशेनं काही मीटर सरकत गेला, तर मी चप्पल सोडून बूट घालीन.

यानंतर गामा स्पेक्ट्रोमीटर लागतो. तुझा मीटर सगळे किरण एकाच टोपलीत टाकतो. स्पेक्ट्रोमीटर ऊर्जेनुसार ते वेगळे करतो. पोटॅशियम १.४६ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टला दिसतं, युरेनियमची साखळी (ते आणि त्याच्या विघटनातून एकामागून एक बनणारी अपत्यं) १.७६ ला, थोरियमची २.६२ ला. सामान्य कवचखडकात थोरियम युरेनियमच्या साडेतीन-चार पट असतं. तुझ्या जागी हे प्रमाण उलटलं, युरेनियम थोरियमच्या वर गेलं, तर काहीतरी घडलंय असं समज. पार वालुकाश्माच्या तळाशी गोटेमिश्रित थर आहेत. तिथे झिरकॉन, मोनाझाइट अशी जड खनिजं साठलेली असली की थोरियममुळे मीटर छान वाजतो आणि माणूस उगाच हुरळतो.

स्पेक्ट्रोमीटरचा आकडाही तसाच्या तसा घ्यायचा नसतो. १.७६ ची रेघ युरेनियमची नाहीच, ती त्याच्या साखळीत खूप खाली येणाऱ्या बिस्मथ-२१४ ची आहे. युरेनियमचा मूळ अणू स्वतः जवळजवळ मुका असतो. त्याची अपत्यं त्याच्याबरोबर राहिली तरच हा हिशेब जमतो, आणि पृष्ठभागाजवळ ती राहतीलच असं नाही. ऑक्सिजन असलेल्या पाण्यात युरेनियम विरघळून निघून जातं, रेडियम बरेचदा लोखंडाच्या गंजाला धरून मागे राहतं. रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षं. युरेनियम कधीच गेलेलं असतं आणि दगड मात्र वाजत राहतो. उलटंही होतं: अलीकडे साचलेलं युरेनियम असतं आणि त्याची अपत्यं अजून तयार झालेली नसतात, म्हणून मीटर गप्प. त्यामुळे गामा वाचनातून काढलेल्या आकड्याला आम्ही 'समतुल्य' युरेनियम म्हणतो आणि त्याच नमुन्याचं रासायनिक विश्लेषण होईपर्यंत तो अहवालात कच्चाच धरतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्याकडे येतो. विद्यार्थी मीटर घेऊन दगडामागून दगड फिरतात. मी म्हणेन, आधी नकाशा घेऊन बस आणि स्वतःला विचार: इथे युरेनियम आलं असतं तर कुठून, वाहिलं असतं तर कशातून, आणि थांबलं असतं तर कशामुळे?

युरेनियमच्या दोन अवस्था आहेत. सहा-संयुजी अवस्थेत ते पाण्यात, विशेषतः कार्बोनेट असलेल्या पाण्यात, आनंदानं विरघळून मैलोन्‌मैल जातं. चार-संयुजी अवस्थेत ते विरघळत नाही. पिचब्लेंड किंवा कॉफिनाइट ही खनिजं होऊन जागच्या जागी बसतं. ऑक्सिजन असलेलं पाणी त्याला वाहून नेतं. वाटेत सेंद्रिय कार्बन असलेला काळा शेल, पायराइट, हायड्रोजन सल्फाइड किंवा क्लोराइट या हिरव्या खनिजानं भरलेला भ्रंशपट्टा (खडक तुटून सरकल्याची जागा) आला की ऑक्सिजन संपतो आणि युरेनियम खाली बसतं. खनिजाचा साठा म्हणजे अशा शेकडो-हजारो वेळच्या बसण्याची बेरीज.

या दृष्टीनं आपला परिसर वाच. तळाशी सुमारे २५० कोटी वर्षांपूर्वीचा बुंदेलखंड ग्रॅनाइट. तो उघडा पडला, झिजला, कुजला, आणि त्या जुन्या जमिनीवर पारचे गोटे, वाळू नि चिखल साठले. त्यावर आपल्या मुरारच्या नावानं ओळखला जाणारा शेल, चर्ट, चुनखडक आणि लोहखडकाचा जाड क्रम, मध्ये घुसलेल्या, सिलिका कमी असलेल्या काळसर अग्निज खडकाच्या पट्ट्या. या गटाचं वर्णन १८७० मध्येच हॅकेट या भूशास्त्रज्ञानं भूशास्त्रीय सर्वेक्षणाच्या रेकॉर्ड्समध्ये केलं. त्यानंतर पुन्हा मोठा खंड पडला आणि वर विंध्य वालुकाश्म आला. आपला किल्ला त्यावरच उभा आहे. म्हणजे ग्वाल्हेरला काळाच्या दोन मोठ्या फटी एकमेकींवर रचलेल्या आहेत. भूशास्त्रात याला अनकन्फॉर्मिटी म्हणतात, आणि युरेनियमच्या दृष्टीनं ती पाण्याची जुनी वाट असते: वरून सच्छिद्र वाळू, खाली भेगाळलेला ग्रॅनाइट. ग्रॅनाइट युरेनियम पुरवणारा, वाळू पाणी नेणारी. थांबवणारा कोण, हा प्रश्न उरतो.

कॅनडातल्या अथाबास्का खोऱ्यात थांबवणारा मिळाला. तिथे वालुकाश्माखालच्या खडकात ग्रॅफाइट असलेले भ्रंश आहेत आणि सिगार लेकसारख्या ठिकाणी १५ टक्क्यांच्या वर युरेनियम असलेलं खनिज मिळतं. आपल्याकडे नलगोंडा भागात लंबापूर-पेद्दगट्टूला श्रीशैलम क्वार्ट्झाइट आणि खालचा ग्रॅनाइट यांच्या सीमेवरच युरेनियम सापडलं. प्रत, म्हणजे खडकातलं युरेनियमचं प्रमाण, खूप कमी, पण मांडणी ओळखीची. म्हणून तू सीमेवर चालताना काळा शेल, पायराइटचे गंजलेले चौकोन, हिरवट क्लोराइट आणि लाल झालेला ग्रॅनाइट यांच्याकडे मीटरइतकंच लक्ष दे.

काळाचाही एक मुद्दा आहे, तो प्रबंधात नक्की घे. सुमारे २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन वाढला. त्याआधी युरेनिनाइट या युरेनियमच्या खनिजाचे कण नदीत वाळूसारखे वाहत जात आणि गोट्यांच्या थरात साठत. दक्षिण आफ्रिकेतलं विटवॉटर्सरँड आणि कॅनडातलं एलियट लेक तसेच बनले. ऑक्सिजन आल्यावर असे कण वाहता वाहताच विरघळू लागले. ग्वाल्हेर गटाचं वय साधारण २०० कोटींच्या आसपास धरलं जातं. त्यामुळे पारच्या गोट्यांच्या थरात वाहून आलेलं युरेनिनाइट शोधण्यापेक्षा भेगांत आणि सीमेवर पाण्यातून बसलेलं युरेनियम शोधणं शहाणपणाचं. एका वयानं सगळी शोधमोहीम वळते, ती अशी.

शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातलं उदाहरण तुला उपयोगी पडेल. पिछोरकडे ढालाजवळ मोहोर गावाच्या आसपास केंद्राच्या अणुखनिज संचालनालयानं युरेनियमसाठी बोअर घेतले. तिथली वर्तुळाकार रचना ज्वालामुखीशी संबंधित असावी, असा विचार तेव्हा होता. नंतर जयंत पती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवून दिलं की ती सुमारे ११ किलोमीटर व्यासाची उल्काघाताची रचना आहे. क्वार्ट्झच्या कणांत आघाताच्या समांतर रेषा मिळाल्या. युरेनियमसाठी काढलेले कोअर, म्हणजे बोअरमधून निघालेले खडकाचे दांडे, या अभ्यासाला पुढे कामी आले. कोअर कधीही टाकून देऊ नये असं मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो, ते यामुळेच. ज्या प्रश्नासाठी भोक पाडलं त्यापेक्षा मोठं उत्तर त्यात असू शकतं.

आता सर्वेक्षणाची वाटचाल. देशात हे काम अणुखनिज अन्वेषण व संशोधन संचालनालय करतं. १९४९ मध्ये दुर्मिळ खनिज सर्वेक्षण गट म्हणून ते सुरू झालं, दाराशॉ वाडिया त्याचे पहिले प्रमुख, मुख्यालय आता हैदराबादला. १९५१ मध्ये जादुगुडाला युरेनियम मिळालं तेही गायगर काउंटर घेऊन डोंगर पायी तुडवणाऱ्यांना. आज सुरुवात बहुतेक वेळा आकाशातून होते. हेलिकॉप्टरवर स्पेक्ट्रोमीटर, चुंबकमापी आणि विद्युतचुंबकीय यंत्रणा लावून समांतर रेषांत उडतात. गामाला वरचा अर्धाएक मीटरच दिसतो. चुंबकीय आणि विद्युतचुंबकीय मोजणी मात्र झाकलेले भ्रंश, डाइक (भेगेत घुसून थिजलेल्या अग्निज खडकाच्या भिंती) आणि विद्युतवाहक कार्बनी थर दाखवते, आणि अनकन्फॉर्मिटीच्या शोधात तेच जास्त हवं असतं.

जमिनीवर आल्यावर ५०,००० ला १ च्या टोपोशीटवर फिरून जागा निवडायच्या, मग त्या जागेचा ५,००० किंवा २,००० ला १ असा मोठा नकाशा करायचा. हे काम संथ आहे आणि त्याला पर्याय नाही. हातोडा, ब्रंटन होकायंत्र, भिंग, जीपीएस. प्रत्येक भेगेची दिशा आणि नती (उताराचा कोन), तिच्यात काय भरलंय, ग्रॅनाइट कुठून बदलू लागतो. बुंदेलखंडात ईशान्य-नैर्ऋत्य दिशेच्या क्वार्ट्झच्या प्रचंड भिंती आहेत आणि वायव्य-आग्नेय डाइक आहेत. तुझी भेग या दोन्हींपैकी कुणाची नातेवाईक, की तिसरीच, हे सांगता आलं पाहिजे. दोन दिशा जिथे एकमेकींना छेदतात ती जागा मी आधी बघीन, कारण तिथे खडक जास्त चुरडतो आणि पाणी जास्त फिरतं. ऑक्टोबर ते मार्च हेच आपल्याकडचे कामाचे महिने. एप्रिलनंतर या खडकांवर उभं राहवत नाही.

विहिरी आणि हातपंपांचं पाणी तपासतात, ओढ्यांतली गाळमाती घेतात. पाण्यातल्या युरेनियमची दिशा धरून उगमाकडे जाता येतं, आणि गावाच्या पिण्याच्या पाण्याची माहितीही मिळते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे. ती ओलांडली तर गावाला लगेच सांगणं हे आपलं कर्तव्य, अहवाल छापून येण्याची वाट बघू नये. मातीत पेले पुरून त्यांत फिल्म ठेवतात, रेडॉनच्या अल्फा कणांचे ओरखडे काही आठवड्यांनी मोजतात. झाकलेल्या भ्रंशाचा माग यातून लागतो.

मग चर खणतात. उघड्या खडकाचा दगड उचलून दिलेला आकडा बहुतेक फसवतो, कारण हात आपोआप सगळ्यात छान दगडाकडे जातो. चराच्या भिंतीत सलग, सारख्या रुंदीची खाच काढून घेतलेला नमुनाच काय ते सांगतो.

आणि शेवटी बोअर. सुरुवातीला शेकडो मीटर अंतरावर, काही मिळालं तर ते अंतर कमी करत. नवख्याला वाटतं की कोअर वर आला, मोजला, झालं. पण खनिज बसतं तेच चुरडलेल्या, चिकणमाती झालेल्या भागात, आणि ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर नेमका तोच भाग वाहून जातो. पेटीत कडक, निरुपयोगी ग्रॅनाइट नीट मांडलेला आणि मधले सव्वा मीटर गायब, असं दृश्य या कामात वारंवार दिसतं. म्हणून प्रत्येक भोकात प्रोब सोडून दर १० सेंटिमीटरला गामा मोजतात. खडक हरवला तरी भोकाच्या भिंती बोलतात. कोअर उभा चिरून अर्धा प्रयोगशाळेला, अर्धा पेटीत जपून. त्यानंतर कोनाचा हिशेब: बोअर शिरेला ३० अंशांत छेदत असेल तर कोअरमधले ४ मीटर म्हणजे खरी जाडी २ मीटरच. खोल गेल्यावर भोक वाकतंही, तेही मोजावं लागतं.

याच आकड्यांतून साठा येतो. २ मीटर जाडी, ५०० मीटर लांबी, उतारावर २०० मीटर, म्हणजे २ लाख घनमीटर. घनता २.७ धरली तर ५ लाख ४० हजार टन खडक. प्रत ०.०५ टक्के असेल तर त्यात २७० टन युरेनियम ऑक्साइड. प्रत्येक टन खडक फोडून, दळून अर्धा किलो. आपल्याकडच्या बहुतेक साठ्यांत टनाला एक किलोपेक्षा कमीच मिळतं. म्हणून जाडी दुप्पट धरली गेली की पूर्ण प्रकल्पाचं गणित कोसळतं, आणि कुठेतरी युरेनियम 'सापडल्याच्या' बातमीनंतर वर्षानुवर्षं खाण का दिसत नाही याचं कारणही हेच.

धोक्याचं विचारलंस. जगातल्या सरासरी माणसाला निसर्गाकडून वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात, दिवसाला साधारण साडेसहा मायक्रोसीव्हर्ट. तुझ्या भेगेत आठ तास बसलीस तरी नेहमीपेक्षा जादा सुमारे अडीच मायक्रोसीव्हर्ट मिळतील. त्याची काळजी करू नकोस. काळजी धुळीची आणि रेडॉनची करायची. दगड चाटून बघायची आपल्या लोकांना सवय असते, इथे ती नको. हातोडा मारताना वारा धूळ तुझ्या अंगावर आणेल अशा बाजूला उभी राहू नकोस, हात धुतल्याशिवाय डबा उघडू नकोस. नमुने जाड पिशवीत, नाव-तारीख-जागा लिहून, विभागाच्या हवेशीर खोलीत ठेव. खाटेखाली किंवा अभ्यासाच्या कपाटात मुळीच नको, त्यातही पिवळे-हिरवे चमकदार पापुद्रे असलेले दगड तर नाहीच.

गावात मीटर घेऊन फिरताना लोक विचारतात, आणि त्यांना खरं सांगावं: दगड मोजतोय, काही ठरलेलं नाही, ठरेल तेव्हा तुम्हाला कळेल. जमीन जाईल, मुलं आजारी पडतील, सोनं निघालं, या तिन्ही अफवा एकाच संध्याकाळी पसरू शकतात. जागेचे अक्षांश-रेखांश कुठल्याही ग्रुपवर टाकू नकोस. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्यानं युरेनियम सापडल्यास तीन महिन्यांत केंद्र सरकारला लेखी कळवणं बंधनकारक केलं. तेव्हा आकडा टिकला तर मार्गदर्शकांमार्फत अणुखनिज संचालनालयाला लिहायचं, आणि चर किंवा बोअर आपणहून काढायचा विचारही करायचा नाही.

पुढच्या फेरीत हे कर. ग्रॅनाइटचा बॅकग्राउंड वेगळा काढ. भेगेच्या दोन्ही अंगांना एकेक मीटरवर, भेगेच्या दिशेनं वीस मीटरपर्यंत, जमिनीला टेकवून वाचनं घे. भेगेतला, भिंतीतला आणि दहा मीटर दूरचा असे तीन नमुने आण. त्यांच्या पातळ चकत्या करून घे आणि प्रत्येकीवर एलआर-११५ (अल्फा कणांचे ओरखडे टिपणारी) फिल्म ठेवून काही आठवडे अंधारात राहू दे. अल्फाचे ओरखडे झिरकॉनभोवती गोळा झाले, तर ती ग्रॅनाइटची जन्मजात गोष्ट आहे. लोखंडाच्या गंजावर पसरले असतील तर पाण्यानं आणलेलं काहीतरी तिथे अडकलंय, आणि ते युरेनियम की नुसतं रेडियम हे रासायनिक विश्लेषण सांगेल. ते क्लोराइटमधल्या बारीक काळ्या रेषेवर दाट दिसले, तर फिल्म आणि चकती दोन्ही घेऊन माझ्याकडे ये, आपण सूक्ष्मदर्शकाखाली बसून बघू.